सोडणे आणि सोडवणे

धाकट्या मुलीच्या हट्टाने निर्मलच्या आमच्या घरात माशांची काचपेटी आली. काचेवरचे शेवाळ खाऊन टाकतो म्हणून दुकानदाराने बोटाएवढा एक काळपट मासा दिला. त्याला 'सकर' म्हणतात. दोन वर्षांत तो वीतभर वाढला. मुलगी शिक्षणासाठी हैदराबादेस गेली आणि एका एकादशीस मी त्याला बादलीत घालून सोनच्या पुलाखाली गोदावरीत सोडले. 'नेकी कर, दरिया में डाल' ही आपल्याकडची उर्दू म्हण ओठांवर होती. बंदिवान सोडवल्याचे समाधान घेऊन घरी परतलो.

पुढे उजनीच्या मच्छीमारांची हकीकत वाचनात आली. भीमेवरील त्या जलाशयात हाच मासा जाळ्यात सापडतो. त्याला गिऱ्हाईक नाही, उलट त्याच्या खरखरीत, काटेरी कवचाने जाळे मात्र फाटते. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. अंगावर हाडांचे चिलखत असल्याने त्याला सहसा कोणी खात नाही. काठाच्या मातीत बिळे करून तो अंडी घालतो व नर त्यांवर पहारा देतो.

'माझा तर एकच होता!' असे मी मनाशी म्हटले. पण उजनीत पहिला मासा सोडणाराही हेच म्हणाला नसेल काय? आपल्या वागण्याचा नियम सर्वांचा नियम झालेला चालेल काय, असे तत्त्वज्ञ कांट विचारतो. एम.ए.ला हा प्रश्न पाठ करून मी गुण मिळवले होते. पुलाखाली तो आठवला नाही.

हेतू तरी शुद्ध होता ना? प्रामाणिकपणे सांगायचे तर तेही नाही. पेटी धुण्याचा मला कंटाळा आला होता. त्या कंटाळ्यावर मी दयेचे पांघरूण घातले. डोळ्यांसमोरच्या एका जिवाची कणव आली. नदीतले मरळ, वाम आणि त्यांवर पोट भरणारा भोई डोळ्यांसमोर नव्हते, म्हणून त्यांचा विचारही आला नाही. ज्याला आपण पाळले त्याची जबाबदारी नदीवर टाकणे म्हणजे सोडवणे नव्हे, ते नुसते सोडून देणे होय.

वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, मग नको झालेल्या माशाचे काय करायचे?" मी म्हणालो, "दुकानदाराला परत द्यावा, दुसऱ्या पाळणाऱ्याच्या हाती सोपवावा. तेही न जमल्यास तो जगेल तोवर सांभाळावा." "आणि तुम्ही सोडलेला?" त्याने विचारले.

त्याला मजजवळ उत्तर नव्हते. नदीत टाकलेले परत काढता येत नाही, एवढेच सांगितले.