गीता चिंतन : अध्याय १८, श्लोक ८ – देवावर सोडलं म्हणजे नक्की कोणावर?

काल सातव्या श्लोकात आपण पाहिलं की वाट्याला आलेलं काम मोहापोटी टाकून दिलं तर तो तामस त्याग. आजच्या श्लोकातल्या माणसाला मोह वगैरे काही नाही. काम करायला हवं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पण ते कष्टाचं आहे, शरीराला त्रास होणार, म्हणून तो अंग काढून घेतो. हा राजस त्याग, आणि असा त्याग करणाऱ्याला त्यागाचं फळ मिळत नाही, असं भगवंत सांगतात.

वाचायला सोपा श्लोक आहे. मला तो नीट कळला गॅरेजमध्ये.

माझा मामेभाऊ साताऱ्यात टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो. मागच्या महिन्यात तिथे एका दूधवाल्या काकांची शंभर सीसीची गाडी हाफ इंजिनच्या कामाला आली होती. हेड आणि ब्लॉक काढलेला, पिस्टन उघडा. पिस्टनची गजनपिन सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेचं एकेक लॉक असतं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं. स्प्रिंगचं पोलाद असल्यामुळे काढताना ते टुणकन उडतं. म्हणून जाणता कारागीर आधी चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबतो. त्या दिवशी हाताखालच्या पोराने ते कोंबलं नव्हतं. लॉक उडालं ते थेट चेंबरमध्ये.

मामेभाऊ पहिलं वाक्य बोलला ते असं, "किक मारू नको, काही फिरवू नको." क्रँक फिरला असता तर लॉक कुठेतरी मधे चेपलं गेलं असतं. मग तारेला मॅग्नेट बांधून तासभर चाचपडणं झालं. खालचा बोल्ट खोलून ऑईल ट्रेमध्ये काढलं, गाळून पाहिलं. नाही.

आता एकच मार्ग उरला. इंजिन फ्रेममधून उतरवायचं आणि चेंबर पूर्ण खोलायचं. म्हणजे आणखी एक अख्खा दिवस, नवीन पॅकिंग, आणि त्याचे पैसे कोणाकडून मागणार? शेजारच्या दुकानातले एक जुने मिस्त्री म्हणाले, "बसवून टाक रे. पडून राहील तळाला. बाकी देवावर सोड."

सांगायला हवं की मिस्त्रींचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही. लॉक तेलाच्या गाळात वर्षानुवर्षं गप पडून राहूही शकतं. मी इंजिनिअर माणूस, माझ्या डोक्यात लगेच शक्यतांचा हिशेब सुरू झाला. पण या गाड्यांमध्ये गिअरही त्याच केसमध्ये, त्याच तेलात फिरतात. तो तुकडा दातांत सापडला तर इंजिन जाम होऊ शकतं आणि मागचं चाक तिथल्या तिथे अडकू शकतं. काका रोज पहाटे अंधारात यवतेश्वरचा घाट उतरतात, दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लावून.

म्हणजे हिशेब कोणाचा आणि घाट कोणाचा, असा प्रश्न आहे. कष्ट वाचणार गॅरेजवाल्याचे, जोखीम जाणार काकांकडे, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. आपण "देवावर सोडलं" म्हणतो तेव्हा ते नेहमी देवाकडेच जातं असं नाही. बऱ्याचदा आपल्या जागेवरून उचलून ते शेजारच्याच्या डोक्यावर ठेवलेलं असतं. भक्तीचा शब्द वापरला की ते दिसत नाही, एवढंच. जोखीम घेऊच नये असं मी म्हणत नाही. स्वतःची गाडी असती तर मी कदाचित बसवूनही टाकली असती. पण दुसऱ्याच्या जिवाची जोखीम त्याला न विचारता कशी घ्यायची?

मामेभावाने गीता वाचलेली नाही. त्याने काकांना फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. काका वैतागले, साहजिकच होतं. पहाटे चारला गाडी लागते त्यांना. मग याने स्वतःची गाडी त्यांना दिली आणि दुसऱ्या दिवशी चेंबर खोललं. लॉक क्रँकच्या खाली गाळात चिकटलेलं मिळालं. ते फेकून दिलं, कारण काढलेलं लॉक परत वापरायचं नसतं, नवंच टाकतात. वर मजुरीचा एक रुपया वाढवला नाही. ज्या पोराकडून चूक झाली त्याच्याच हातून नवं लॉक बसवून घेतलं, हे मला विशेष आवडलं.

तरी एक गोष्ट मला अजून सुटत नाही. चेंबर खोलूनही लॉक मिळालं नसतं तर? उडताना ते बाहेर फरशीवर पडून कुठेतरी गेलेलं असूही शकतं. सगळं खोललं, पुसलं, प्रत्येक भाग हातात घेऊन पाहिला, आणि तरी नाही. त्या वेळी "आता देवाची मर्जी" म्हणणं आणि आदल्या संध्याकाळी मिस्त्रींनी तेच म्हणणं, शब्द सारखेच आहेत. पहिल्यात माझ्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नाही, दुसऱ्यात सगळंच उरलेलं आहे. पण आपण नक्की कुठे आहोत हे दमलेल्या माणसाला त्या क्षणी कसं ओळखता यावं? श्लोक कारण तपासायला सांगतो. हात थांबले ते काम संपलं म्हणून, की अंग दुखतंय म्हणून. हे बाहेरून कोणीच पाहू शकत नाही.

उद्या नववा श्लोक, त्यात सात्त्विक त्याग येतो. तुम्ही कोणी मिस्त्रीकाम करत असाल तर तुमचा अनुभव जरूर कळवा.

राम कृष्ण हरी.