वाकावं कसं? (गीता ४.३४)



आजचं चिंतन गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या ३४ व्या श्लोकावर. भगवंत अर्जुनाला सांगतात, ज्ञान हवं असेल तर ते ज्यांना उमगलंय त्यांच्याकडे जा. त्यांच्यापुढे नम्र हो, मोकळेपणाने प्रश्न विचार, त्यांची सेवा कर; मग ते तुला शिकवतील. प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. यातला पहिला शब्द मला नेहमी अडायचा. आपण इंजिनिअर माणसं. प्रश्न विचारू, मदतही करू, पण वाकायचं म्हटलं की कमीपणा वाटतो. हा शब्द मला परवा एका गॅरेजमध्ये थोडा कळला.

इकडे अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारे लोक आहेत. गंमत नाही, खरंच! किट विकत मिळतं. निम्म्याहून जास्त काम हौसेने किंवा शिकण्यासाठी स्वतः केलेलं असेल, तर त्या विमानाची 'एक्सपेरिमेंटल' गटात नोंद होऊ शकते. आमच्या शेजारचे एक निवृत्त आजोबा असंच दोन आसनांचं विमान बांधतायत. शनिवारी मी मदतीला जातो.

परवा त्यांनी मला एक छोटा ब्रॅकेट करायला दिला. २०२४-टी३ जातीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, जाडी ०.०३२ इंच, म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटर. नुसता हातात धरला तर लपलपतो. पण त्याची एक कड काटकोनात वळवली की तोच पत्रा ताठ उभा राहतो. विमानाच्या पंखातल्या रिब्ज अशाच असतात, पातळ पत्रा आणि वळवलेल्या कडा. म्हणजे बघा, पत्र्याला ताकद येते ती वाकण्यातूनच!

आजोबा फोनवर होते. एवढ्याशा कामात विचारायचं काय, असं म्हणत मी टोकदार सुईने रेघ मारली, पत्रा बेंच वाईसमध्ये आवळला आणि हातोडीने ठोकून झटक्यात काटकोन केला. कोपरा एकदम धारदार, दिसायला झकास. आजोबांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला केसासारखा तडा होता. ते रागावले नाहीत. तो तुकडा भंगारात टाकला आणि दुसरा काढला. मग मात्र मी विचारत गेलो.

पत्रा वाकतो तेव्हा वळणाचं बाहेरचं अंग ताणलं जातं. वळण गोल असेल तर तो ताण पसरतो. धारदार असेल तर सगळा एका रेघेवर येतो. या पत्र्याला वळणाची आतली त्रिज्या जाडीच्या साधारण तिप्पट तरी ठेवावी, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आसपास. म्हणून आजोबांनी वाईसमध्ये कड गोल केलेला लाकडी ठोकळा बसवला. रेघ सुईने मारायची नाही, कारण ओरखडा हीच तड्याची सुरुवात. बारीक मार्करने मारायची. वाकवण्याआधी कापलेल्या कडा कानशीने आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करायच्या. पत्रा कारखान्यात ज्या दिशेने लाटला गेला, वळणाची रेघ त्या दिशेला आडवी घ्यायची. एवढं करूनही पत्रा किंचित परत उलगडतो, म्हणून ९० अंश हवे असतील तर दोन-तीन अंश जास्त वाकवायचा.

"तडा एवढासा तर आहे," मी म्हटलं. आजोबा म्हणाले, उडताना इंजिनाची थरथर रोजची असते आणि तडा रोज थोडा वाढतो. १९५४ साली कॉमेट जातीची दोन जेट विमानं काही महिन्यांच्या अंतराने हवेत फुटली. तपासात कारण निघालं ते धातूच्या थकव्याचं. ताण जिथे एकवटत होता, तिथे तडे वाढत गेले होते.

घरी आलो आणि पुन्हा हा श्लोक उघडला. सेवा करत होतो, पण प्रश्न विचारला नव्हता. प्रश्न का नाही विचारला? कारण वाकायचं नव्हतं. तिन्ही शब्द एकत्र का आलेत, ते तेव्हा कळलं.

पण गोष्ट ब्रॅकेटपाशी संपली नाही. खरं सांगतो, गावच्या घराच्या वाटणीवरून दादाशी माझं आठ महिने बोलणं बंद होतं. दिवाळीत मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक 'सॉरी' टाकलं. त्याने वाचलं, उत्तर दिलं नाही. मी मनात म्हटलं, मी वाकलो की, आता त्याचं तो बघेल. आता वाटतं, ते वाकणं माझ्या त्या पहिल्या ब्रॅकेटसारखं होतं. झटक्यात आणि धारदार. मनातले ओरखडे तसेच ठेवलेले. त्याचा स्वभाव कुठल्या बाजूने वळतो, याचा विचारसुद्धा नाही. मग तडा जाणारच.

रविवारी फोन केला. वाटणीचा विषय काढला नाही. आईच्या गुडघ्याचं विचारलं. दादा आधी तुटक बोलला, मग पावसाचं बोलला, मग सोयाबीनचं. अकरा मिनिटं. फोन ठेवल्यावर दोन तासांत माझा अहंकार परत उलगडायला लागला, "दर वेळी मीच का?" हाच तो स्प्रिंगबॅक! म्हणून पुढच्या रविवारीही मीच फोन करणार आहे. हिशोबापेक्षा दोन अंश जास्त.

मंडळी, प्रणिपात म्हणजे मोडून पडणं नाही. अन्यायापुढे मान तुकवणंही नाही. अर्जुनाला भगवंतांनी शेवटी लढायलाच उभं केलं. अहंकाराची कड वळली की माणूस लपलपत नाही, भार पेलायला उभा राहतो.

आजचा अभ्यास: ज्याच्यापुढे वाकणं जड जातं असं एक नाव आठवा. आधी स्वतःच्या मनातला एक ओरखडा घासून काढा. मग फोन करा. घाई नको.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥