ब्रीदवाक्यातील लोपलेला कर्ता

गोंदियाजवळच्या बिरसी येथील धावपट्टी ब्रिटिशांनी 1940 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. धानाच्या मुलखातील या पट्टीवर पुढे वैमानिक प्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. ज्या सत्तेने ती बांधली, तिच्या हवाई दलाचे ब्रीदवाक्य 'पेर आर्दुआ आद आस्त्रा' असे आहे. 'कष्टांतून ताऱ्यांकडे' हा त्याचा रूढ अर्थ. परंतु या लॅटिन वाक्यात क्रियापद नाही आणि कर्ताही नाही. 'आर्दुआ' म्हणजे मुळात उंच, चढणीच्या जागा. त्या कोणी चढायच्या, हे वाक्य सांगत नाही. उत्कृष्टतेच्या ध्यासाविषयीचा नैतिक प्रश्न नेमका या रिकाम्या जागी उद्भवतो.

ही केवळ शैलीची काटकसर नव्हे. कर्ता लोपला की कष्ट एकाचे आणि तारे दुसऱ्याचे, अशी वाटणी निर्वेधपणे होऊ शकते. जमीन सपाट करणारा आणि तिच्यावरून उडणारा सहसा एकच नसतो. ऑलिंपिकच्या 'सिटियस, आल्टियस, फोर्टियस' या तीन शब्दांत तुलना आहे; पण अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान ते कोणाहून, हे अध्याहृतच राहते. 2021 साली तेथे 'एकत्रितपणे' या अर्थाचा चौथा शब्द जोडला गेला. ती त्या उणिवेची उशिरा दिलेली कबुली मानता येईल.

लॅटिनऐवजी संस्कृत घेतल्याने प्रश्न सुटतो, असेही नाही. भारतीय हवाई दलाचे ब्रीद भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातील आहे. आकाशाला भिडणाऱ्या तेजाचे ते वर्णन विश्वरूपाचे असून, ते पाहून अर्जुनाचे धैर्य ढळते. संदर्भातून सुटलेले शब्द मात्र हे भय मागे ठेवतात आणि दिमाख तेवढा सोबत नेतात. उलट, 1869 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे 'प्रोव्होकान्स आद व्होलान्दुम' हे लॅटिन ब्रीद बायबलमधील पिलांना उडण्यास उद्युक्त करणाऱ्या गरुडाच्या प्रतिमेतून आले आहे. येथे कर्ता धातुसाधितातून सूचित होतो, आणि त्याची थोरवी स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या भरारीत आहे.

तेव्हा कसोटी भाषेची नसून दायित्वाची आहे. तिची खूण मराठीतील 'ब्रीद' या शब्दातच सापडते. वीराच्या पायातील तोडर हे त्याच्या ब्रीदाचे जाहीर चिन्ह असे. संतपरंपरेत तर भक्त देवालाच त्याच्या 'पतितपावन' या ब्रीदाची आठवण देतो, प्रसंगी त्यावरून भांडतो. म्हणजे ब्रीद मिरवायचे नसते, राखायचे असते. आणि ते राखले की नाही, हे विचारण्याचा अधिकार इतरांकडे असतो. ढालीवर कोरलेले वाक्य कितीही उदात्त असो, खालच्या बांधीत धानाची रोवणी करणाऱ्याला 'हे कष्ट कोणाचे?' असे त्याच्या धारकाला विचारता येत नसेल, तर ते बोधचिन्ह ठरेल. ब्रीद ठरणार नाही.