चालतं, चालत नाही

नोकरीच्या निमित्ताने १९९६ साली मी चिखलीला आलो. माझं गाव चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या खाडीकाठी. घरी भात, तांदळाची भाकरी, नारळाचं वाटण आणि मासळी. इथे बुलढाणा जिल्ह्यात ताटात ज्वारीची भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. राहायला आपल्याच लोकांचा मोहल्ला होता, पण मोहल्ल्याची भाषा उर्दू आणि माझ्या घरची कोकणी. नमाज एकाच सफीत पढायचो. जेवायच्या वेळी मात्र आपण परमुलखात आहोत असं वाटायचं. 'मुसलमानांचं जेवण' असं एकच काही नसतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

शेजारच्या खालांनी त्या पहिल्या रमजानमध्ये रोज इफ्तारीची थाळी पाठवली. मी एकटा, हाताने रांधून खाणारा. परतफेड कशी करावी ते सुचत नव्हतं. ईदनंतर गावाहून सोडे आले, तेव्हा त्यांचं कालवण करून वाडगा खालांकडे नेला. त्यांनी झाकण उघडलं, पाहिलं आणि हळूच परत ठेवलं. म्हणाल्या, "बेटा, बुरा मत मानना, हमारे यहाँ झिंगा नहीं चलता."

मला वाईट वाटलंच. नंतर मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी समजावलं. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आम्हाला समुद्रातला जीव हलाल. वऱ्हाडातले बहुसंख्य हनफी. त्यांच्या मते पाण्यातली फक्त मासळीच चालते, आणि झिंगा मासळी आहे की नाही, यावर हनफी उलेमांमध्येच जुना मतभेद आहे. खालांच्या नकारात तुच्छता नव्हती. कालवण त्यांनी घेतलं नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या घरी शिऱ्याने भरलेला वाडगा आला. अन्नाला नाही म्हणून माणसाला हो म्हणता येतं, ते असं.

मला मात्र हे जमलं नाही. त्याच हिवाळ्यात एका सहकारी शिक्षकाने शेतावर भरिताच्या जेवणाला बोलावलं. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, वर कच्चं तेल, आणि माझ्या तोंडाला न झेपणारं तिखट. जिभेला नको होतंच. शिवाय अनोळखी माणसांत, त्यांच्या भांड्यांत जेवायचं, हाही संकोच होता. यातलं काहीच न सांगता मी म्हणालो, "आमच्यात बाहेरचं चालत नाही." तो खजील झाला. "माफ करा सर, मले मालूम नव्हतं," म्हणाला.

पाच-सहा वर्षांनी मेहकरकडचे एक मुसलमान शिक्षक आमच्याकडे बदलून आले. भरिताचे शौकीन. दरवर्षी सगळ्यांना बोलावणं जातं, आपल्यालाच का नाही, असं त्यांनी एकदा मला विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. माझ्या एका वाक्याने त्यांच्या वाट्याचं ताट उचललं गेलं होतं. शिवाय एका भल्या माणसाच्या मनात माझ्या धर्माविषयी कायमची एक भिंत उभी राहिली होती.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. हजरत पैगंबर (स.) यांच्यासमोर भाजलेली घोरपड वाढण्यात आली. त्यांनी हात मागे घेतला. ती हराम आहे का, असं हजरत खालिद बिन वलीद यांनी विचारलं. नाही, पण आपल्या मुलखात ती नसते म्हणून मन घेत नाही, असं त्यांनी सांगितलं. हजरत खालिद यांनी ती त्यांच्यासमोरच खाल्ली. ज्यांचा शब्द म्हणजे शरियत, त्यांनी आपली नावड ही नावड म्हणूनच सांगितली. तिला धर्माचा शिक्का लावला नाही. मी नेमकं उलट केलं होतं.

विचार केला तर 'चालत नाही' हे तीन प्रकारचं असतं. एक दीनाचं. ते ताठ मानेने सांगावं आणि समोरच्यानेही मान द्यावा. दुसरं जिभेचं. त्यात लाज नाही. तिसरं मनातल्या अढीचं. हे तिसरं नेहमी पहिल्याचा बुरखा घेऊन येतं. आपल्या घरी येऊन 'आज उपास आहे' म्हणत चहाचा कप न उचलणारा पाहुणा आपण लगेच ओळखतो आणि दुखावतो. आपल्या तोंडून तेच निघतं तेव्हा मात्र आपण त्याला परहेज म्हणतो.

शेगावची कचोरी पाहा. फाळणीनंतर पंजाबातून उखडून आलेल्या एका कुटुंबाने ती शेगाव स्टेशनवर विकायला सुरुवात केली. परक्याच्या हाताचा तो पदार्थ आज जिल्ह्याची ओळख झाला आहे. गाडीच्या खिडकीतून कचोरी घेताना ती कोणी तळली, हे मी कधी विचारलं नाही. पैसे देऊन घेतलेलं निमूट खाल्लं. प्रेमाने बोलावलं तिथे मात्र मला धर्म आठवला.

वाढणाऱ्यावरही जबाबदारी आहे. फ्रान्समधल्या शालों-सुर-सोन या शहरात २०१५ मध्ये महापौरांनी शाळांच्या जेवणातला डुकराच्या मांसाला असलेला पर्याय बंद केला. धर्मनिरपेक्षता म्हणजे सर्वांना एकच ताट, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. २०२० मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की, पर्याय देणं बंधनकारक नाही, पण धर्मनिरपेक्षता तो द्यायला मनाईही करत नाही. कायदा एवढंच सांगू शकतो. पण ज्या ताटातलं एका मुलाला खाता येत नाही, ते सर्वांना सारखं वाढलं म्हणून समता होत नाही. 'तुम्हाला काय चालतं?' हा साधा प्रश्न वाढणाऱ्याने विचारला पाहिजे. आणि ज्याला तो विचारला जातो, त्याने खरं उत्तर दिलं पाहिजे. या दोहोंवाचून एकत्र जेवण होत नाही.

मेहकरच्या सरांनी विचारलं त्याच संध्याकाळी मी त्या सहकाऱ्याच्या घरी गेलो आणि खरं काय ते सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "इतकी सालं काऊन नाई सांगतलं सर? तुमच्यासाठी बिनतिखटाचं केलं असतं ना."

त्या हिवाळ्यात आम्ही दोघे मुसलमान शिक्षक त्याच्या शेतावर जेवलो. मेहकरच्या सरांनी दोनदा भरीत मागून घेतलं. माझ्या पानात वेगळं, कमी तिखटाचं होतं. भरीत मला आजही फारसं आवडत नाही. फक्त आता मी ते तसंच सांगतो.