शिक्षा अन्यायाची असली तरी…

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२-६३



आजच्या श्लोकांत भगवंत अधःपाताची साखळी सांगतात. आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृती जाते आणि शेवटी बुद्धी. वाचताना मला हॅरी मोरंट आठवला.

मोरंट जन्माने इंग्रज, पण नाव कमावलं ऑस्ट्रेलियात. बेफाम घोडे वठणीवर आणायचा, म्हणून टोपणनाव ‘ब्रेकर’. त्याच्या कविता ‘बुलेटिन’ साप्ताहिकात छापून येत. घोडे, गुरं, दुष्काळ, रानातला एकटेपणा यांवरच्या या यमकबद्ध ‘बुश पोएट्री’ची तिथे आजही जाहीर वाचनं होतात. बोअर युद्धात तो ब्रिटिशांकडून लढला आणि २७ फेब्रुवारी १९०२ रोजी पहाटे प्रिटोरियात ब्रिटिशांनीच त्याला आणि पीटर हँडकॉकला गोळ्या घातल्या. मोरंटवर बारा बोअर कैद्यांच्या हत्येचा गुन्हा सिद्ध झाला होता.

ऑस्ट्रेलियात त्यांचं स्मरण होतं. खटला पुन्हा उभा केला जातो, गोळीबाराचा प्रसंग सादर होतो, कविता म्हटल्या जातात. लोक हळहळतात, आणि त्याला कारणही आहे. बचावाचे वकील मेजर थॉमस यांना तयारीला जेमतेम एक दिवस मिळाला होता. कैदी ठेवू नका असा वरूनच हुकूम होता, असं आरोपी सांगत होते. मृत्युदंडावर सही करणाऱ्या किचनरच्याच काळात छावण्यांमध्ये हजारो बोअर बायका-मुलं मेली, त्याबद्दल कुणी फासावर गेलं नाही. मोठे सुटले, लहान सापडले.

पण म्हणून मोरंट निर्दोष ठरतो का?

त्याने स्वतःच सांगितलं होतं की आधी तो तो हुकूम पाळत नव्हता. मित्र कॅप्टन हंट मारला गेला, मृतदेहाची विटंबना झाल्याचं कानावर आलं, आणि मग कैदी मरू लागले. म्हणजे हुकूम जुनाच होता, नवा होता तो क्रोध. आपल्या भाषेत सांगायचं तर हुकूम ही परमिशन होती, ट्रिगर वेगळाच होता.

इथे अश्वत्थामा आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच्या वडिलांना कपटाने मारलं, ही तक्रार खरीच होती. तरी झोपलेली पाच मुलं त्यामुळे शत्रू ठरत नाहीत. आपल्यावर झालेला अन्याय आपण केलेला अन्याय पुसत नाही. दोन्ही वेगवेगळ्या खात्यांत जमा होतात.

भागवतात द्रौपदीच म्हणते, याला सोडा, मी रडतेय तशी याची आई रडायला नको. मला यातला अधिकार महत्त्वाचा वाटतो. मुलं तिची गेली होती, म्हणून क्षमा करणं तिच्या हातात होतं. प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवणाऱ्याच्या हातात ते नाही. मोरंटला माफ करायचंच असेल, तर ते त्या बारा जणांच्या घरच्यांनी.

मग स्मरण करू नये का? जरूर करावं. किचनरला प्रश्न विचारावेत, कविताही म्हणाव्यात. फक्त त्या मंचावर बारा रिकाम्या खुर्च्या असाव्यात. कवीचा आवाज मागे उरतो, कैद्याचा उरत नाही. म्हणून त्याची आठवण आपल्याला मुद्दाम ठेवावी लागते.

आपल्याकडे म्हणतात, अश्वत्थामा अजून जखमेसाठी तेल मागत फिरतो. कुणी दारात आला तर तेल द्यावं. पण जखम कशाची आहे, हे विसरू नये.

आजचा अभ्यास : ज्याच्यावर मनापासून राग आहे अशी एक व्यक्ती आठवा. राग खरा असेल. त्या रागाच्या नावाखाली आपण तिसऱ्याच कुणावर काही काढतोय का, एवढं तपासा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥