नाव नसलेले विष

परभणीच्या कोर्टात वकिली करता करता मी म्हातारा झालो. या धंद्यात माणसाला एक सवय जडते. समोरचा आपले दुःख सांगत असतो आणि आपण मनात कलम शोधत असतो. कलम सापडले की दुःखाला आकार येतो. न सापडले तर ते ओल्या घोंगडीसारखे अंगावर राहते. अशी एक घोंगडी माझ्या अंगावरून अजून उतरलेली नाही.

2014 च्या पावसाळ्यात सेलू तालुक्यातले एक पाटील, माझे जुने पक्षकार, माझ्याकडे आले. जमिनीचा तंटा असेल असे मला वाटले. पण गोष्ट मुलाची होती. मुंबईला शिकायला गेलेला मुलगा एका पांढऱ्या भुकटीच्या नादी लागून परत आला होता. झोप नाही, अन्न नाही, नजर ठरत नाही. पाटलांनी एवढेच विचारले, "वकीलसाहेब, ज्यानं हे इकलं त्याला काय सजा व्हईल?"

भुकटीचे नाव मेफेड्रोन. अमली पदार्थांचा आपला 1985 चा कायदा हा यादीचा कायदा आहे: ज्याचे नाव यादीत, तो पदार्थ गुन्ह्याचा. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मेफेड्रोन तीत नव्हते. "पाटील, या कायद्यात तरी काही नाही," मी म्हणालो.

5 फेब्रुवारी 2015 रोजी केंद्र सरकारने ते नाव यादीत घातले. पाटील पुन्हा आले. "आता तर नाव चढलं न्हवं?" मला त्यांना घटनेचे विसावे कलम समजावून सांगावे लागले. कृत्य घडले त्या दिवशी जो गुन्हा नव्हता, त्याची शिक्षा मागाहून देता येत नाही. पाटील जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शेतात नवं तण उगवलं तर आम्ही त्याचं नाव इचारीत बसत न्हाई, साहेब. जात वळखतो अन् उपटतो."

हे वाक्य मला सोडत नाही, कारण ज्या देशांनी या प्रश्नाशी झुंज घेतली ते शेवटी पाटलांच्याच वाटेने गेले. रसायनशास्त्रज्ञ रेणूचा एक अवयव बदलतो. नशा तीच, नाव नवे, आणि कायदा पुन्हा मागे. विलायतेत हीच भुकटी "झाडांचे खत, माणसांनी खाऊ नये" अशा चिठ्ठीखाली उघड विकली जाई. 16 एप्रिल 2010 पासून तिथे एका नावाऐवजी त्या रसायनाचे अख्खे कूळ बंद झाले. चीनने 1 मे 2019 पासून फेंटानिलचे सारे कूळ बंदीत घातले. आपणही हा अनुभव लहान प्रमाणात घेतला आहे. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. बंदी आली की मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, हा तोडगा देशात ठिकठिकाणी निघाला. दोन पुड्या एकत्र करण्याचे काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर सोपवलेले!

मग कुळावरच बंदी घालावी, यात अडचण कसली? अडचण अशी की कुळात सगळेच वाईट नसतात. विलायतेने जे कूळ बंद केले, त्यातच ब्युप्रोपिऑन नावाचे औषध आहे. ते उदासीनतेच्या रोगावर व विडी-सिगारेट सोडवण्यासाठी दिले जाते. कायद्यात त्याला नाव घेऊन वगळावे लागले. पुढे 2016 साली त्यांनी मनावर परिणाम करणाऱ्या सर्वच पदार्थांच्या विक्रीला मनाई केली, तेव्हा दारू, तंबाखू आणि चहा-कॉफीतले कॅफीन यांना सूट लिहावी लागली. म्हणजे आधी जगाला गुन्हेगार ठरवायचे आणि मग आपल्या ओळखीच्यांना सोडवून आणायचे! ज्याची ओळख कायदा करणाऱ्याशी नाही, त्याचे काय?

शिवाय आपला कायदा कठोर आहे. व्यापारी प्रमाणात माल सापडला तर शिक्षा दहा वर्षांपासून पुढे, आणि जामीन महाकठीण. अशा हत्याराला मोघम शब्दांची मूठ बसवली तर ती कोणाच्या हातात जाईल, हे सांगता येत नाही. काय निषिद्ध आहे हे आधी कळण्याचा हक्क लबाडालाही असतो, कारण तो त्याच्याकडून काढून घेतला तर साध्या माणसाकडेही उरत नाही. पाटलांना मी दुसऱ्यांदा जे सांगितले त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती पहिल्या वेळची. त्या दिवशी विष गावात होते आणि कायद्याला त्याचे नाव ठाऊक नव्हते.

आमच्याकडे कापसात आधी कोळपे चालते. दोन ओळींमधले तण, नाव न विचारता, सारे निघते. पण रोपाच्या बुडाशी कोळपे नेत नाहीत. तिथे बायका खुरपे घेऊन बसतात आणि एकेक काडी पाहून निंदतात. मला वाटते, कायद्यालाही ही दोन्ही अवजारे हवीत. तयार करण्यावर आणि विकण्यावर कुळाची बंदी असावी. तिची व्याख्या जाणत्यांनी आधीच लिहून जाहीर करावी आणि औषधाला वाट ठेवावी. माणसाला तुरुंगात घालायची वेळ आली की मात्र खुरपे. विलायतेच्या 2016 च्या कायद्यानेही विकणाऱ्याला गुन्हेगार ठरवले. स्वतःपुरता पदार्थ जवळ बाळगणाऱ्याला, तुरुंगाबाहेर तरी, नाही.

पाटलांचा मुलगा आता शेती पाहतो. रात्री मात्र कधी कधी उठून बांधावर फिरत राहतो, असे पाटील सांगतात. ते कलम कोणते, हे आता ते मला विचारत नाहीत.