आपण डार्क मॅटर नाही

परवाच्या बैठकीत आमच्या एका कवीमित्रानं कविता वाचली. तिचा आशय असा, की आपण दलित म्हणजे या विश्वाचं डार्क मॅटर. कुणाला दिसत नाही, पण सगळं आपल्याच वजनावर तोललेलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घाटकोपरचा डोंगर चढून घरी जाताना मात्र खटकायला लागलं.

आधी हे डार्क मॅटर काय ते सांगतो, कारण टाळ्या वाजवणाऱ्या अर्ध्यांना ते ठाऊक नव्हतं. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकीनं दीर्घिकांच्या एका समूहाचे वेग मोजले. दिसणाऱ्या पदार्थाचं गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवायला पुरेना. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेत दिसलं, की कडेचा भाग अपेक्षेप्रमाणे मंदावत नाही. म्हणजे तिथं न दिसणारं वजन आहे. आजच्या हिशेबानं ओळखीचा पदार्थ विश्वात ५ टक्के आणि हा सुमारे २७. कशाचा बनलाय, कुणालाच माहीत नाही. आणि तो काळा नाही बरं का. काळी वस्तू प्रकाश गिळते. याच्यातून प्रकाश सरळ आरपार जातो.

मित्रांनो, आपण कधी आरपार होतो? आपल्या बापजाद्यांना अख्खं गाव डोळे फाडून बघत होतं. बघितल्याशिवाय सावली टाळता येते का? १९२७ साली महाडच्या तळ्यावर आपली माणसं दिसली नाहीत म्हणून नाही, दिसली म्हणून मार खाल्ला. 'अदृश्य' म्हटलं की बघणारा सुटतो. 'आम्हाला दिसलंच नाही हो,' म्हणायला मोकळा.

मित्राला हे सांगितलं तर तो पेटला. म्हणाला, तू जुनं वाचतोस. रोल्फ लँडाउअरनं १९६१ सालीच मांडलंय, की माहिती ही हवेतली गोष्ट नाही. ती पुसायची तर कमीत कमी ठरावीक उष्णता बाहेर पडतेच. २०१२ साली प्रयोगातही ते दिसलं. आणि २०१९ साली मेल्विन व्हॉप्सननं म्हटलं, माहितीला वस्तुमान आहे आणि डार्क मॅटर म्हणजे कदाचित ही माहितीच. मग आपली पुसलेली नावं, न लिहिलेला इतिहास, त्याचं वजन नसेल कशावरून?

खरं सांगतो, त्या रात्री मला झोप आली नाही. खरं असावं असं फार वाटलं. माझी आजी कुठल्याच कागदावर नाही. तिचं वजन आकाशगंगेत आहे म्हटल्यावर कुणाला रडू येणार नाही?

पण मी भिवंडीच्या मिलमध्ये जॅकार्ड मागावर काम करतो. तिथं पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं असतात, त्यावरनं कापडावर नक्षी उठते. नक्षीची सगळी माहिती भोकांत. भोकं पाडली की पत्ता हलका होतो, जड नाही! हे काही व्हॉप्सनचं खंडन नव्हे, मला कळतं. त्याच्या हिशेबात एका बिटचं वजन किलोच्या दशांशचिन्हामागं सदतीस शून्यं आणि मग तीन. ते माझ्या मागावर कसं कळणार? पण कुणीच ते अजून तोलून दाखवलेलं नाही. लँडाउअरचं पुसण्याचं गणित वेगळं, साठवलेल्या माहितीला वजन असणं वेगळं. एक सिद्ध झालं म्हणून दुसरं होत नाही.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रामनाथ कौसिक यांनी मॅक्लेलँडबरोबर १९७३ साली मांडलं होतं, की न्यूट्रिनोला वस्तुमान असेल तर हे हरवलेलं वजन त्यांचं असू शकेल. सुंदर कल्पना. पुढं मोजमापं आली तेव्हा ओळखीचे न्यूट्रिनो फारच हलके निघाले. कल्पना मांडण्यात लाज नव्हती, आणि मोजल्यावर ती सोडण्यातही नव्हती.

कालामांना तथागत म्हणाले, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. मग आपल्या बाजूचं आहे म्हणून मानायचं का? पुराणातलं विमान आपण हसण्यावारी नेतो. आपलं विमान आलं की टाळ्या?

आजीचं नाव मी तिच्या बहिणीकडून विचारून वहीत लिहून घेतलं. मित्र अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याची कविता पुढच्या पानावर आहे. वाचा, आणि आम्हा दोघांनाही पत्र टाका.